'इज' की 'आर'?

मला एक वाईट खोड आहे. हॉटेलात गेले की मी मेन्यूकार्डातल्या आधी चुका वाचते, मग पदार्थ. लग्नपत्रिका हातात आली की आधी स्पेलिंग, मग मुहूर्त. मैत्रिणी म्हणतात, तुझ्याबरोबर जेवायला जाणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये बसणं.

पोटापाण्यासाठी मी जे करते, त्याचा हा साइड इफेक्ट. फ्रीलान्स जर्नालिस्ट म्हटलं की लोकांना वाटतं, ही रोज कुठल्यातरी सेलिब्रिटीबरोबर कॉफी पीत असणार. खरं सांगू? महिन्यातले निम्मे दिवस मी कंपन्यांची न्यूजलेटर्स, ब्रोशर्स आणि एमडीसाहेबांची मनोगतं तपासत बसलेली असते. लेखांपेक्षा त्याचेच पैसे वेळेवर येतात. आणि या कामात माझी लाल शाई सगळ्यात जास्त कशावर खर्च होत असेल, तर ती 'इज' आणि 'आर'वर. एकवचन की अनेकवचन? सातवीच्या पुस्तकातला प्रश्न, पण भल्याभल्या प्रेझेंटेशन्सची विकेट तिथेच पडते.

तर मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा. एक डेडलाइन कशीबशी गाठून घरी परत आले, तर बिल्डिंगची लिफ्ट बंद. चार मजले चढायचे या विचारानेच पाय गळाले. तेवढ्यात नोटीस बोर्डावर एक ताजा, टाइप केलेला कागद दिसला. आमच्या सोसायटीत आता निम्मे फ्लॅट भाड्याने गेलेत. कुणी इंदूरचं, कुणी हैदराबादचं, कुणी कोलकात्याचं. त्यामुळे हल्ली नोटीस इंग्रजीतच लागते. मजकूर असा होता :

'ऑल द मेंबर्स इज रिक्वेस्टेड टू पार्क देअर व्हेइकल्स इन देअर ओन पार्किंग ओन्ली. वन ऑफ द मेंबर हॅव गिव्हन कम्प्लेंट्स. इक्विपमेंट्स ऑफ लिफ्ट इज अंडर रिपेअर.' खाली फक्त 'सेक्रेटरी'. ना नाव, ना सही.

पर्समध्ये लाल पेन होतंच. हात आपोआप गेला. 'इज' खोडून 'आर'. 'मेंबर'ला एस लावून 'हॅव'चं 'हॅज'. 'इक्विपमेंट्स'चा एस उडवला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही! खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सिंग्युलर की प्लुरल? डिसाइड फर्स्ट!' आणि शेजारी एक हसरा चेहरा काढला. मग जाम खुशीत चार मजले चढून गेले. थकवा कुठल्या कुठे पळाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दूध घेऊन वर आले. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. तो त्यांनी टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि काही न बोलता पेपर उघडून बसले. मी घडी उलगडली. लाल वर्तुळं. हसरा चेहरा.

'हे तुमच्याकडे कसं?' मी विचारलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'अगं, मागच्या रविवारपासून सेक्रेटरी झालेत ना ते. सभेत कुणीच तयार होईना, मग यांनी हात वर केला. तुला सांगितलं होतं की जेवताना. तू मोबाइलमध्ये होतीस.'

बाबा सेक्रेटरी झाले होते आणि मला पत्ताच नव्हता. आता नोटीस बोर्डाकडे येता-जाता सगळी बिल्डिंग हसली असणार आणि ते कुणामुळे, हे फक्त मला ठाऊक होतं. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी चहाचा कप तोंडाला लावला.

बाबांनी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली. मराठीतलं त्यांचं ड्राफ्टिंग असं की साहेब लोक त्यांच्या टेबलापाशी येऊन पत्रं लिहून घ्यायचे. इंग्रजी मात्र पाचवीपासून, तेही गावच्या शाळेत. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालात आणि मी त्या सुरुवातीच्या बॅचेसमधली. म्हणजे मला जी चार वर्षं फुकट मिळाली, ती त्यांना मिळाली नव्हती. पण हे शहाणपण तेव्हा कुठे सुचलं? तेव्हा फक्त पोटात गोळा आला होता.

रविवारी पोह्यांची डिश समोर आली तसे बाबा एक जुनी वही घेऊन बसले. म्हणाले, 'मला हे एकदाचं नीट समजावून सांग. इज कुठे, आर कुठे. नोटिसा तर लिहायच्याच आहेत.'

मी एकदम प्रोफेशनल मोडमध्ये. 'सोप्पंय बाबा. कर्ता एक असेल तर इज, जास्त असतील तर आर. नामाला एस लागला की अनेकवचन. क्रियापदाला एस लागला की एकवचन. बॉय रन्स, बॉइज रन.'

'म्हणजे उलटंच की,' बाबा म्हणाले. 'एस इकडे लागला तर अनेक आणि तिकडे लागला तर एक?' मग थोडा वेळ त्यांनी वहीकडे बघितलं. 'अच्छा! म्हणजे घरात स्कूटर एकच. नामाने नेली तर क्रियापद पायी, क्रियापदाने नेली तर नाम पायी.'

मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत मला कुणी इतकं झकास समजावलं नव्हतं! अर्थात ही स्कूटर सगळीकडे चालत नाही. 'चिल्ड्रन'सारख्या शब्दांना एस लागतच नाही, भूतकाळात क्रियापदाला एसची गरज नसते, शिवाय 'आय' आणि 'यू' तर पायीच जातात. पण रोजच्या ऑफिस मेलमध्ये निम्मं काम ती नक्की करते.

पण पुढचा प्रश्न अवघड होता. बाबांनी तीच नोटीस पुढे सरकवली. 'मला एक सांग. मेंबर्स अनेक आहेत हे मला कळत नव्हतं का? मग मी इज का लिहिलं?'

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक कुठली हे मला दिसलं होतं, ती का झाली हा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. बाबांनी मात्र तो आठवडाभर केला असावा. कारण त्यांनी वहीत मूळ मराठी वाक्यं लिहून काढली होती. आधी मराठीत मनात मांडायचं आणि मग इंग्रजीत उतरवायचं, ही त्यांची पद्धत. आपल्यापैकी निम्म्या लोकांची तीच असते, फक्त आपण कबूल करत नाही.

पहिलं वाक्य : 'सर्व सभासदांना विनंती आहे की...' बघा बरं, इथे 'आहे' कुणाशी जुळलंय? सभासद शंभर असोत, क्रियापद 'विनंती'शी जुळतं. विनंती एक, म्हणून 'आहे'. म्हणून 'इज'.

दुसरं : 'एका सभासदाने तक्रारी केल्या आहेत.' सभासद एकच. पण मराठीत 'ने' लागला की क्रियापद त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, ते बघतं तक्रारींकडे. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी पोहे खाल्ले. खाणारी मी एकच, पण क्रियापद ताटातल्या पदार्थाप्रमाणे बदलतं. तक्रारी अनेक, म्हणून 'केल्या आहेत'. म्हणून 'हॅव'. आणि 'मेंबर'चा एस का गेला? कारण आपण म्हणतो 'माझा एक मित्र'. मित्र एकवचनी. इंग्रजीत 'वन ऑफ' म्हटलं की आधी सगळा घोळका डोळ्यांसमोर आणायचा आणि मग त्यातला एक उचलायचा. घोळका आहे म्हणून 'फ्रेंड्स', उचलला एकच म्हणून 'इज'. आपल्या 'वन ऑफ माय फ्रेंड'चं मूळ बहुतेक इथे आहे.

तिसरं : 'लिफ्टच्या उपकरणांची दुरुस्ती सुरू आहे.' दुरुस्ती एक, म्हणून 'इज'. आणि 'उपकरणे' आपल्याकडे अनेकवचनी, मग 'इक्विपमेंट'ला एस लागला तर त्यात नवल काय?

मी गार! माझ्या लाल पेनाने ज्यांना ज्यांना गोल केलं होतं, त्या सगळ्या जागी मराठीचं व्याकरण अगदी बरोबर होतं. बाबांनी हिशेब चुकवला नव्हता. त्यांनी तो आपल्या वहीतल्या नियमाने केला होता, दुकान मात्र इंग्रजीचं होतं.

आणि नियमांच्या अवघडपणाचंच बोलायचं तर आपण किती पुढे आहोत बघा. इंग्रजी माणसाला वर्तमानकाळात फक्त एका एसची काळजी. आपण मात्र 'मुलगा जातो, मुलगी जाते, मुलं जातात, तू जातोस, तू जातेस, तुम्ही जाता' हे सगळं दात घासता घासता बोलतो. लिंग, वचन, पुरुष, वर कधी कर्ता तर कधी कर्म. एवढं सगळं ज्याला झोपेत जमतं, त्याला एका एसवरून अडाणी ठरवायचं? आणि ठरवणारी कोण, तर मी!

मग त्या रविवारी आमचा खेळच सुरू झाला. कुठल्या भाषेत काय एक आणि काय अनेक? बाबा म्हणाले, 'पोहे छान झालेत. पोहे अनेकवचनी. पण भात? भात झालाय. तोही तांदळाचाच, आणि शितं तर तेवढीच.' खरंच की! पोहे मोजायला कुणी बसत नाही, तरी ते अनेक. केस आपल्याकडे गळतात, इंग्रजीत 'हेअर' गळतो. म्हणून पार्लरमध्ये 'माय हेअर्स आर ड्राय' ऐकू येतं. पैसे आपल्याकडे येतात आणि जातात, इंग्रजीत 'मनी' एकटाच येतो आणि एकटाच जातो. उलट आपली कात्री एक, त्यांची 'सिझर्स' अनेक. आपली पँट एक, त्यांची 'ट्राउझर्स' अनेक. बाबांचा चष्मा एक, त्यांचे 'ग्लासेस' अनेक, कारण ते काचा मोजतात आणि आपण वस्तू मोजतो. गोवर आपल्याकडे एक, इंग्रजीत 'मीझल्स'. दिसायला अनेक, पण बहुतेक वेळा क्रियापद एकवचनी! 'मॅथेमॅटिक्स' आणि 'न्यूज'चंही तेच. शेवटी एस बघून फसलात तर संपलात.

ऑफिसमध्ये सगळ्यात जास्त घात करणारे शब्द याच जातीचे. 'इन्फर्मेशन', 'फीडबॅक', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'लगेज', 'सॉफ्टवेअर'. आपल्या मनात सूचना अनेक, सल्ले अनेक, खुर्च्या अनेक. म्हणून आपण बिनधास्त 'फीडबॅक्स' मागवतो आणि 'सॉफ्टवेअर्स' इन्स्टॉल करतो. इंग्रजीला मात्र हे सगळं पाण्यासारखं वाटतं. पाण्याला कुठे एस लावतात?

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, त्यांची भाषा, त्यांचे नियम, आपण पाठ करू. पण गंमत अशी की त्यांचंही आपसात जमत नाही. 'टीम' घ्या. अमेरिकन माणूस बहुधा 'द टीम इज' म्हणणार. टीम म्हणजे एक युनिट, विषय संपला. ब्रिटिश माणूस टीममधली माणसं डोळ्यांसमोर आणून खुशाल 'द टीम आर' म्हणेल. इंग्लंडची क्रिकेट मॅच लागली की ब्रिटिश कॉमेंटेटरकडे कान द्या, 'इंग्लंड आर' हमखास ऐकू येईल. 'गव्हर्न्मेंट', 'कमिटी', 'स्टाफ' सगळ्यांची हीच कथा. म्हणजे प्रश्न व्याकरणाचा कमी आणि नजरेचा जास्त. समोरच्या घोळक्यात तुम्हाला एक चीज दिसते की दहा माणसं?

खुद्द अमेरिकेला आपण एक की अनेक हे ठरवायला किती वर्षं लागली माहितीय? १७८७ साली लिहिलेल्या त्यांच्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या करताना 'युनायटेड स्टेट्स'साठी सर्वनाम आलंय 'देम'. त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारणं, असं. १८६५ साली गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली, तिच्यातही 'देअर'च आहे. तेव्हा ती 'संस्थानं' होती, अनेक. आज कुणी 'युनायटेड स्टेट्स आर' म्हणालं तर कान टवकारतात. यादवी युद्धानंतर हळूहळू देश एक झाला आणि क्रियापदही एक झालं. एवढ्याशा 'इज'मध्ये केवढा इतिहास!

'डेटा'वरून तर अजून मारामाऱ्या चालतात. मूळ लॅटिन 'डेटम' एक, 'डेटा' अनेक. म्हणून जुन्या वळणाचे प्रोफेसर 'डेटा आर' लिहितात. पण कंपन्यांमध्ये 'डेटा इज' कधीच रुळलं आणि चांगल्या डिक्शनऱ्यांना दोन्ही मान्य आहे. 'अजेंडा'सुद्धा असाच मूळचा अनेकवचनी. आज 'अजेंडा आर' म्हणून बघा, मीटिंगमध्ये सगळे तुमच्याकडे वळून बघतील.

मग मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. 'यू'ची.

शाळेत कुणाला प्रश्न पडला नाही का, 'यू' एकटा माणूस असला तरी 'यू आर' का? 'यू इज' का नाही? कारण 'यू' मुळात अनेकवचनच. एका माणसासाठी इंग्रजीत वेगळा शब्द होता, 'दाऊ'. म्हणजे आपला 'तू'. मग मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणून त्या एकट्यालाही 'यू' म्हणायला लागले. अगदी आपल्या 'तुम्ही'सारखं! आपण नाही का 'बाबा आले' म्हणत? बाबा एकच, पण क्रियापदाने त्यांना अनेक करून टाकलं. इंग्रजीत हा मान इतका स्वस्त झाला की शेवटी जो तो 'यू' झाला आणि रोजच्या प्रमाण इंग्रजीतून 'दाऊ' हद्दपार झाला. आज बॉसलाही 'यू आर', वॉचमनलाही 'यू आर'.

पण हे काही सुखासुखी झालं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाच्या पंथाचे लोक हटून बसले. देवापुढे सगळे सारखे, मग न्यायाधीश असला म्हणून काय, माणूस एक तर त्याला 'दाऊ'च म्हणणार! १६६० साली त्यांच्या जॉर्ज फॉक्सने दोन साथीदारांबरोबर एक जाडजूड पुस्तकच काढलं, अनेकांना 'यू' आणि एकाला 'दाऊ' हे शिकवणारं. दाखल्यांसाठी कितीतरी भाषा गोळा केल्या होत्या. आणि थॉमस एलवूड नावाचा एक तरुण क्वेकर होता, जो पुढे अंध झालेल्या कवी मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवायचा. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की घरात 'दाऊ' म्हणतो म्हणून वडिलांनी त्याला मारलं आणि पुन्हा म्हणालास तर दात घशात घालीन अशी धमकी दिली. एका वचनासाठी!

हे मी नाश्त्याला वाचून दाखवलं. बाबा खळखळून हसले. म्हणाले, 'आमच्याकडे उलटं. वडिलांना तू म्हणायची टापच नव्हती.' आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, 'आणि मला? बाबा आले, आई आली. इंग्रजीत मला पण मान आहे म्हणायचा!' यावर आम्ही दोघंही गप्प. याला उत्तर कुठल्याच व्याकरणात नाही.

बाय द वे, हीच गाडी आता 'दे'वर आलीय. 'एव्हरी एम्प्लॉयी मस्ट कॅरी देअर आयडी कार्ड' असं लिहिलं की आमच्या पिढीचे पंडित हळहळतात. एम्प्लॉयी एक, मग 'देअर' कसं? पण इंग्रजीत हे चौदाव्या शतकापासून चालू आहे. २०१९ साली मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तो एका व्यक्तीसाठीच्या 'दे'मुळे. तेव्हा बिनधास्त लिहा, 'हिज ऑर हर'ची कसरत वाचेल.

इतकं सगळं झालं तरी मी बाबांना खरं सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचे, रोज राहायचं. मग एक दिवस एका क्लायंटची जुनी मेल शोधत होते. 'सेंट' फोल्डरमध्ये माझीच मेल होती, अठरा जणांना गेलेली. पहिलंच वाक्य : 'द लिस्ट ऑफ स्पीकर्स आर अटॅच्ड.'

लिस्ट आर? लिस्ट एक, म्हणून 'इज'. पण 'स्पीकर्स' अगदी शेजारी येऊन बसले आणि माझं बोट घसरलं. ही घसरण जगप्रसिद्ध आहे. १९९१ साली कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधिकांनी यावर प्रयोग केले होते. कर्ता एकवचनी, पण त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एखादं अनेकवचनी नाम घुसलं की जन्माने इंग्रजी बोलणारेही चुकतात, असं त्यात दिसलं. म्हणजे चूक लंडनवाल्याची होते, न्यूयॉर्कवाल्याची होते आणि माझीही झाली होती. फरक एवढाच की अठरापैकी कुणीही माझी मेल लाल करून, खाली हसरा चेहरा काढून परत पाठवली नव्हती.

त्या रात्री बाबा टीव्ही बघत होते. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, 'बाबा, ते लाल पेन माझं होतं.'

ते टीव्हीकडेच बघत राहिले. जाहिराती लागल्या, संपल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, 'चूक दाखवलीस त्याचं काही नाही गं. चूक होतीच. पण खाली हसायचं कशाला?'

बस, एवढंच. मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, 'हं.' मग थोड्या वेळाने, 'उद्या टँकरची नोटीस लावायची आहे. लावायच्या आधी बघून दे.'

तेव्हापासून आमच्या फ्रिजवर बाबांच्या वळणदार अक्षरातला एक कागद चिकटलेला आहे. तुम्हीही हवं तर डेस्कला चिकटवा. परवानगी आहे.

१. स्कूटर एकच. एस नामाला तरी, नाहीतर क्रियापदाला तरी.

२. 'वन ऑफ' म्हटलं की पुढे घोळका, म्हणजे अनेकवचन. क्रियापद मात्र त्या एकाचं. 'वन ऑफ द मेंबर्स हॅज'.

३. 'ऑफ'च्या पुढचा शब्द फसवतो. खरा मालक बहुधा 'ऑफ'च्या आधी असतो. 'द लिस्ट ऑफ स्पीकर्स इज'.

४. 'अलाँग विथ' आणि 'ॲज वेल ॲज'वाले पाहुणे. त्यांना मोजायचं नाही. 'द मॅनेजर अलाँग विथ हिज टीम इज कमिंग'.

५. 'द नंबर ऑफ' म्हणजे आकडा, म्हणून 'इज'. 'अ नंबर ऑफ' म्हणजे पुष्कळ, म्हणून 'आर'.

६. टीम, कमिटी, डेटा : दोन्ही चालतं. पण एका पानावर एकच.

सातवा मुद्दा त्यांनी लिहिलेला नाही, तो माझा मी मनात ठेवलाय. मेल जाण्याआधी लाल पेन चालवायचं. गेल्यानंतर दिसलं, तर त्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचं. आणि 'रिप्लाय ऑल' दाबून तर नाहीच नाही. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी 'वन ऑफ माय क्लायंट' म्हणालं आणि कोपऱ्यात कुणाच्या ओठांवर हसू आलं, तर मला आमचा नोटीस बोर्ड आठवणार आहे. त्या माणसाला क्लायंट किती आहेत ते पक्कं ठाऊक असतं हो. तो फक्त आपल्या आईच्या भाषेत मोजत असतो.

टँकरची नोटीस लागली. वर मराठी, खाली इंग्रजी. इंग्रजीतला एक 'इज' मी जेवणाच्या टेबलावर दुरुस्त केला. मराठीतले माझे दोन ऱ्हस्व-दीर्घ बाबांनी दुरुस्त केले, निळ्या पेनाने. आणि या वेळी खाली नुसतं 'सेक्रेटरी' नव्हतं. बाबांची पूर्ण सही होती.